यंत्राला दुभाष्या हवा

सूरतेहून आमच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. पोटापाण्यासाठी गाव सोडून ते तिकडे गेले, कापडाच्या धंद्यात स्थिरावले, आणि गावाकडची खबर मिळावी म्हणून आपले हे साप्ताहिक अद्याप मागवतात. पत्रातील विषय वरवर पाहता निव्वळ यंत्राचा आहे. परंतु शेवटच्या ओळीत त्यांनी जे विचारले आहे ते कुमसाराला जाण्यापूर्वी मनाशी करावयाच्या विचारापैकी आहे. म्हणून ह्या सदरात त्यास सविस्तर उत्तर देणे आम्हांस योग्य वाटते.

हकीकत अशी. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी जुना लॅपटॉप घेतला. त्यावरील विंडोज १० ह्या प्रणालीस कंपनीकडून मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे थांबली, आणि तिच्यापुढील विंडोज ११ एवढ्या जुन्या यंत्रास चालत नाही. मुलाच्या एका मित्राने त्यावर लिनक्स नावाची विनामूल्य प्रणाली घालून दिली. यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झाले, मराठी अक्षरे स्वच्छ दिसू लागली. पण वायफाय मुळीच लागेना. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, सारे काही आता इंटरनेटवरून भरावयाचे असल्यामुळे घर हवालदिल झाले. दुकानदाराने यंत्र पाहून सांगितले की वायफाय कार्ड मेले आहे. लगेच पुढे म्हणाला की थोडक्या पैशांत विंडोजची ‘कॉपी’ घालून देतो, म्हणजे वायफाय लगेच सुरू होईल. बाप विचारतो : कार्ड खरोखर मेले आहे काय? आणि ती कॉपी घेणे ही चोरी होय काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराच्या बोलण्यातच आहे. जे कार्ड कॉपी घातल्याने जिवंत होते ते मेलेले नव्हते. लाझरसास कबरेतून उठवणे हे प्रभूचे काम; ते थोडक्या पैशांत होत नाही. कार्ड धडधाकट आहे, त्याची भाषा जाणणारा कोणी घरात नाही, एवढेच.

हा भाषा जाणणारा म्हणजेच ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस्. टी.चा किंवा ट्रकचा सारथी उभा राहतो. संगणकाचा ड्रायव्हर निराळा. त्यास दुभाष्या म्हणणेच अधिक बरे, आणि सूरतेच्या माणसास तर हा शब्द समजावून सांगण्याची गरजच नाही. सतराव्या शतकात तापीच्या काठी इंग्रज, डच, अरब, तुर्क, आर्मेनी असे नाना भाषांचे व्यापारी उतरत. गुजराती विणकराशी त्यांचा सौदा दलाल आणि दुभाषी घडवून आणीत. दुभाष्या नसेल तर गलबतभर चांदी घेऊन आलेला सौदागरही धक्क्यावर मुका उभा राही.

संगणकाच्या मध्यभागी ‘कर्नल’ नावाचा कारभारी असतो. लिनक्सचा कर्नल लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मलेल्या युनिक्स ह्या प्रणालीचे वळण त्याने गिरवले. ह्या कारभाऱ्यास एवढेच ठाऊक असते की अमुक पत्र अमुक पत्त्यावर धाडावयाचे आहे. वायफाय कार्ड हा एक लहानसा रेडिओ. त्यास पत्र कळत नाही. कोणत्या खणात कोणता आकडा टाकला असता तो अमक्या लहरीवर बोलू लागेल, किती जोराने बोलेल, आलेला मजकूर स्मृतीच्या कोणत्या रांगेत ठेवील आणि ‘आले हो’ म्हणून कारभाऱ्यास कशी हाक देईल, हे सारे ज्या त्या कार्डाचे वेगळे. शेकडो जातींची कार्डे, आणि बहुतेक प्रत्येक कुळीची भाषा निराळी. ड्रायव्हर ह्या खणांची आणि आकड्यांची खूण जाणतो. शिवाय पुष्कळ कार्डांना स्वतःची अशी स्मृती नसते. यंत्र सुरू होताच त्यांच्या पोटात ‘फर्मवेअर’ नावाची एक लहानशी शिदोरी भरावी लागते, तेव्हा कोठे ती डोळे उघडतात. ड्रायव्हर आहे पण शिदोरी नाही, असे झाले तरी कार्ड गप्प.

आता कोणी म्हणेल, ज्या कंपनीने कार्ड बनवले तिनेच ही भाषा सांगून टाकावी. माल विकत घेतला, पैसे मोजले, मग तो वापरावा कसा हे सांगण्यास अडचण ती कोणती? हाच ह्या सर्व प्रकरणाचा गाभा आहे, आणि येथे सूरतेच्याच एका जुन्या व्यापाऱ्याची आठवण होते.

भीमजी पारेख हे सतराव्या शतकातील सूरतेचे मोठे दलाल. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी त्यांचा व्यवहार होता. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापून काढावेत अशी त्यांना हौस उत्पन्न झाली, आणि त्यांनी कंपनीकडे मुद्रक व छापखान्याची मागणी केली. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, टाइप आणि कागद घेऊन इकडे आला. यंत्र उत्तम होते, मुद्रक वाकबगार होता. पण त्यास आपल्याकडील अक्षरांचे खिळे कोरता येत नव्हते. इंग्रजी अक्षरांनी भीमजींचे ग्रंथ कसे छापावेत? मग भीमजींनी आपली माणसे कामास लावली, आणि त्यांनी बनिया लिपीत काढलेले काही नमुने चांगले दिसतात असे सूरतेच्या इंग्रजांनीच पुढे कळवले. काम तडीस गेले नाही, त्या छापखान्याचा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला नाही, ही गोष्ट वेगळी. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील मुद्रणकलेच्या इतिहासात ही हकीकत आली आहे. आपल्या फादर स्टीफन्सांचे ख्रिस्तपुराण तरी १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात रोमन लिपीतच छापले गेले ना? भाषा मराठी, यंत्र तयार, आणि देवनागरी खिळे मात्र नाहीत. यंत्र दारी येणे निराळे आणि त्याने आपली भाषा बोलणे निराळे.

तीनशे वर्षांनी असाच प्रसंग अमेरिकेत घडला, आणि नवल असे की तेथेही निमित्त छापण्याचेच होते. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतील प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीचा प्रिंटर भेट मिळाला. त्यात कागद वारंवार अडके. तेथील रिचर्ड स्टॉलमन ह्या तरुणास त्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये थोडी सुधारणा करावयाची होती, म्हणजे कागद अडकताच सर्वांस निरोप गेला असता. परंतु मूळ प्रोग्रॅम ज्यांच्याजवळ होता त्या दुसऱ्या विद्यापीठातील गृहस्थांनी, आम्ही गुप्ततेच्या करारावर सही केली आहे, असे सांगून तो देण्याचे नाकारले. त्या नकाराचा डंख स्टॉलमन ह्यांच्या मनात राहिला. १९८३ साली त्यांनी सर्वांस वापरता, वाचता, सुधारता आणि वाटता येईल अशा प्रणालीचा संकल्प सोडला. लिनक्सबरोबर आज घरोघर जे चालते त्यातील पुष्कळ भाग त्या संकल्पातून आला आहे.

वायफाय कार्डे बाजारात आली तेव्हा तीच अडचण अधिक उग्र रूपाने पुढे आली. विंडोजसाठी ड्रायव्हर कंपन्या स्वतःच देत. इतरांनी कार्डाची माहिती मागितली तर दार बंद. कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वायफाय हा रेडिओ आहे, आणि कोणत्या देशात कोणत्या लहरीवर किती जोराने बोलावे ह्यास सरकारी नियम असतात. आपल्याकडेही २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरण्यास मोकळा झाला तो २००५ साली, आणि तोही शक्तीच्या मर्यादेत. माहिती उघड केली तर कोणीही मर्यादा ओलांडील आणि बोल आमच्यावर येईल, असे कंपन्या म्हणत. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. तथापि त्याच्या आडून धंद्यातील गुपिते झाकण्याची सोयही होत होती, असे आमचे मत आहे. कारण पुढे ज्यांनी दार उघडले त्यांच्यावर आकाश कोसळले नाही.

पर्याय निघाले ते तीन प्रकारचे. पहिला जुगाडाचा. विंडोजचाच ड्रायव्हर उचलून, तो विंडोजमध्येच आहे असे त्यास भासवून, लिनक्समध्ये राबवावयाचा. पोंटस फुक्स ह्यांनी आरंभलेला आणि गिरिधर पेम्मासानी ह्यांनी पुढे वाढवलेला ‘एनडिसरॅपर’ तो हाच. पुष्कळांची तात्पुरती गरज त्याने भागली. पण हा दुभाष्या आपले बोलणे काय भाषांतरित करतो ते कोणासच वाचता येत नव्हते.

दुसरा प्रकार चिकाटीचा, आणि ह्याची हकीकत आम्हांस विशेष सांगावीशी वाटते. ब्रॉडकॉम कंपनीची कार्डे असंख्य लॅपटॉपांत होती, आणि माहितीचा एक कागद बाहेर येत नव्हता. तेव्हा काही स्वयंसेवकांनी आपसांत दोन गट केले. एका गटाने कंपनीचा तयार ड्रायव्हर उकलून तो कोणत्या खणात केव्हा कोणता आकडा टाकतो ते पाहावयाचे, आणि साध्या वाक्यांत त्याचे टिपण लिहावयाचे. दुसऱ्या गटाने कंपनीच्या ड्रायव्हरकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही. केवळ टिपण वाचून आपल्या अकलेने नवा ड्रायव्हर लिहावयाचा. दोन गटांमध्ये ही भिंत कशासाठी? दुसऱ्याच्या लेखनातील एक ओळही आपल्या हातून नकळत नकलली जाऊ नये म्हणून. वेळ दुप्पट गेला, श्रम दुप्पट झाले, मोबदला नव्हता. २००६ च्या जूनमध्ये हा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये दाखल झाला. एवढे करूनही शिदोरी, म्हणजे फर्मवेअर, कंपनीचेच राहिले. ते वाटण्याची परवानगी नसल्यामुळे ज्याने त्याने कंपनीच्या ड्रायव्हरमधून आपल्यापुरते काढून घ्यावे अशी वेगळी हत्यारे लिहावी लागली. पुढे २०१० च्या सप्टेंबरात ब्रॉडकॉमने आपण होऊन नव्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर जाहीर केला.

ॲथेरॉसच्या कार्डांचेही असेच. त्यांचा ड्रायव्हर बाहेरून उघडा, पण मधला एक भाग सीलबंद असे. रायक फ्लोटर ह्यांनी ओपनबीएसडी ह्या युनिक्सकुळीच्या प्रणालीसाठी त्या सीलबंद भागाची जागा घेणारा उघडा भाग लिहिला. त्यातूनच लिनक्सचा ड्रायव्हर उभा राहिला. २००७ साली ह्याच लेखनाच्या हक्कांवरून दोन्ही प्रणालींच्या मंडळींत कडू वाद झाला. फुकट देणाऱ्यांतही मूळ लेखकाचे नाव आणि अटी जपाव्या लागतात, हे त्या वादाने सर्वांस कळले. २००८ च्या जुलैत ॲथेरॉस कंपनीने स्वतःच आपल्या नव्या कार्डांचा खुला ड्रायव्हर दिला. हा तिसरा प्रकार, आणि सर्वांत सरळ. दार आतून उघडले गेले. पण बाहेर इतकी वर्षे कोणी उभे राहिले नसते तर ते उघडले असते काय, ह्याची आम्हांस शंका आहे.

आता पत्रातील दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. विंडोजची कॉपी ही चोरी काय? होय. आम्ही हे आढेवेढे न घेता सांगतो. ज्याने वस्तू निर्माण केली त्याने जी किंमत ठेवली ती न देता, आणि त्याची संमती नसता, ती घेणे हे सातव्या आज्ञेच्या विरुद्ध आहे. मालक श्रीमंत आहे, परदेशी आहे, त्यास कळणार नाही, सगळेच करतात, ह्यांपैकी एकही कारण त्या आज्ञेत लिहिलेले नाही. देशाचा कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या ६३-ब ह्या कलमान्वये, चोरीची प्रत आहे हे जाणून ती संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी नव्हे तर घरगुती वापर असल्यास न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते, एवढीच सवलत. शिवाय अशा कॉपीबरोबर दुकानातून आणखी काय काय घरात शिरते, कोण आपल्या बँकेचे आकडे वाचत बसते, ते देव जाणे.

पण मग त्या स्वयंसेवकांनी कंपनीचा ड्रायव्हर उकलून पाहिला, ती चोरी नव्हती काय? हा प्रश्न कोणी चिकित्सक मुलगा जेवणाच्या वेळी नक्की काढील, म्हणून त्याचे उत्तर देऊन ठेवतो. विकत घेतलेल्या कुलपाची घडण समजून घेऊन त्यास आपली किल्ली घडवणे, आणि शेजाऱ्याची किल्ली खिशात घालणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत. त्यांनी कोणाचे लेखन पळवले नाही. स्वतःच्या मालकीच्या यंत्राशी बोलावयाचे कसे एवढेच शोधले, आणि नक्कल टळावी म्हणून आपणांमध्येच भिंत घातली. आपला कॉपीराइट कायदा ५२ व्या कलमात ह्यास जागा ठेवतो. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याजवळ रीतसर आहे त्याने, स्वतंत्रपणे लिहिलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी तिचा मेळ बसावा ह्यासाठी लागणारी आणि अन्य मार्गाने सहज न मिळणारी माहिती मिळवली, तर तो हक्कभंग नव्हे. कायदा करणाऱ्यांनी येथे बारकाईने विचार केलेला दिसतो.

ज्या मुलास एवढ्यात विंडोजच हवी असेल, कॉलेजातील एखादा प्रोग्रॅम तिच्यावाचून चालत नसेल, त्याने ती रीतसर विकत घ्यावी. लिनक्स वापरणे म्हणजे पुण्य आणि विंडोज वापरणे म्हणजे पाप, असे मुळीच नाही. परंतु ज्या घरी तेवढी ऐपत नाही तेथे प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहे, आणि सूरतेच्या आमच्या वाचकांच्या घरी तो अर्धा चालूनही झाला आहे. राहिलेल्या अर्ध्याबद्दल थोडे सांगतो.

प्रथम लॅपटॉपच्या कडेस किंवा वरच्या कळांत वायफायची खूण असलेली कळ आहे काय ते पाहावे. ती बंद राहिल्यामुळे कित्येकांनी विनाकारण कार्डास दोष दिला आहे. त्यानंतर कार्डाची जात ओळखावी. टर्मिनल नावाच्या खिडकीत एल, एस, पी, सी, आय ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत सलग लिहावी, एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून दोनदा एन लिहावे व एंटर दाबावे. यंत्रातील पुष्कळ भागांची यादी येईल. ‘नेटवर्क’ शब्द असलेल्या ओळीत, चौकोनी कंसात, मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके असलेला चार-चार अक्षरांचा क्रमांक असतो. पहिली चार अक्षरे कंपनीची, पुढली चार कार्डाची. ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचे. हा क्रमांक म्हणजे कार्डाचे आडनाव आणि बाप्तिस्म्याचे नाव एकत्र. तो सांगितला की जाणकार माणूस कोणता ड्रायव्हर आणि कोणते फर्मवेअर हवे ते सांगू शकतो. तो न पाहताच ‘कार्ड मेले’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

पुष्कळदा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच, कमी असते ती शिदोरी. डेबियन ह्या लिनक्सच्या मंडळींनी कंपन्यांचे बंद फर्मवेअर आपल्या मूळ संचात न ठेवण्याचा नियम वर्षानुवर्षे पाळला. त्या तत्त्वनिष्ठेबद्दल आदर वाटतो; पण सामान्य माणसाची मात्र विलक्षण कोंडी होई. वायफाय लावण्यास फर्मवेअर हवे, ते आणण्यास इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी वायफाय हवे! २०२२ साली त्यांनी आपसांत मतदान घेऊन हा नियम सैल केला, आणि जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर मूळ संचातच येते. म्हणून कोणी मित्र जुनी पेनड्राइव्ह घेऊन लिनक्स घालू लागला तर त्यास थांबवावे व नवी आवृत्ती आणावयास सांगावे.

ज्यांनी जुनी आवृत्ती घालून टाकली आहे त्यांनीही घाबरू नये. घरातील अँड्रॉइड मोबाइल त्याच्या चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. तार मात्र नुसत्या चार्जिंगची नव्हे, माहिती नेणारी असावी. ह्या मार्गास वायफाय कार्ड लागतच नाही. मोबाइलचे इंटरनेट तारेतून लॅपटॉपात येते. तेवढ्या वेळात प्रणाली अद्ययावत करून हवे ते फर्मवेअर उतरवून घ्यावे आणि यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे. बहुतेक घरी काम येथेच संपेल.

इतके करूनही कार्ड अडून बसले, तर यूएसबीच्या खाचेत बसणारे बाहेरचे लहान वायफाय कार्ड घ्यावे. मात्र खोक्यावरील नाव पाहून पैसे देऊ नयेत. टीपी-लिंकचे डब्ल्यूएन-७२२-एन हे ह्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ॲथेरॉसची चिप होती. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहेच, आणि तिचे फर्मवेअरसुद्धा २०१३ साली खुले झाले. नाव तेच ठेवून दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची चिप घालण्यात आली. जुन्या लिनक्सवर तिने पुष्कळांस रडवले. नव्या कर्नलांत तिची व्यवस्था बरीच सुधारली आहे. आवृत्तीचा आकडा खोक्याच्या तळाशी किंवा कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत असतो. दुकानात उभे राहूनच तो वाचावा, ती चिप आपल्या लिनक्सवर चालते काय हे मोबाइलवर पाहून घ्यावे, आणि चालले नाही तर परत घेणार काय हे पैसे देण्यापूर्वी विचारून बिलावर लिहून घ्यावे.